वेबसाइटचा नारळ

रविवारी भावेशने वेबसाइटचा नारळ फोडायचं ठरवलं, तेव्हा पहिली अडचण आली ती नारळ फोडायचा कशावर. होडीचा पुढच्या टोकाच्या नाळीवर फुटतो, दुकानाचा उंबऱ्यावर. लॅपटॉपवर नारळ फोडत नाहीत एवढं भावेशलाही कळत होतं. शेवटी त्याने लॅपटॉपला लाल रिबीन बांधली, तिच्यात झेंडूचं फूल खोचलं आणि नारळ दाराबाहेरच्या पायरीवर फोडला. अर्धं पाणी पार्थच्या पांढऱ्या बुटांवर गेलं.

पार्थ म्हणजे ऐरोलीहून आलेला डिजिटलवाला. वय सव्वीस, दाढी कोरलेली, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'राइट?' असं विचारून उत्तराची वाट न पाहण्याची सवय. बूट पुसत तो म्हणाला, "नो टेन्शन. शुभ असतं, राइट?"

हॉलमध्ये पंधरा-वीस भाऊबंद खुर्च्या धरून बसले होते. त्यांतल्या एकालाही वेबसाइटशी घेणंदेणं नव्हतं. सकाळपासून चिंबोऱ्यांच्या रश्श्याचा वास दिवाळे गावाच्या जेट्टीपर्यंत गेला होता, त्या वासाने ते आले होते आणि जेवण होईपर्यंत काहीही बघायला तयार होते.

मधल्या मोठ्या खुर्चीत दादू तांडेल बसला होता. बहात्तरीचा, कडक इस्त्रीच्या सदऱ्यातला. वेबसाइट म्हणजे काय हे त्याला तीनदा समजावलं होतं आणि तिन्ही वेळा त्याने मान हलवली होती. समोरच्या भिंतीवर प्रोजेक्टरने 'तांडेल हेरिटेज सीफूड्स' अशी हातभर अक्षरं पाडली, ती मात्र त्याला कळली. आपलं आडनाव एवढं मोठं त्याने शेवटचं पाहिलं होतं ते होडीवर. अकरा वर्षांपूर्वी होडी विकली, आणि घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी ते खरवडून काढलं. त्यानंतर तांडेल हा शब्द फक्त लाइटबिलावर यायचा.

म्हणून भावेशच्या या चौथ्या धंद्याला त्याने नाही म्हटलं नव्हतं. याआधी भावेशने कार वॉश, जिम आणि बाटलीबंद पाणी अशा तीन धंद्यांचे नारळ फोडले होते, आणि तिन्ही वेळा घरी आलं ते खोबरं तेवढं. पण हा धंदा बुडायचा नाही अशी दादूची खात्री होती. कारण हा भावेशने काढलाच नव्हता. हा बायजाचा होता.

बायजा दादूच्या धाकट्या, मेलेल्या भावाची बायको. ती स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसली होती. मागच्या अंगणातल्या बांबूंच्या वलांडीवर वाळत टाकलेले बोंबील उलटे करून आत्ताच आली होती. हातांना अजून मिठाचं पाणी होतं.

"बायजा, पुढं ये," दादू म्हणाला. "तुझाच माल हाय."

"माल माजा हाय, फोटू तुमचे हायत. तुमीच बसा पुढं."

दोघा-तिघांनी हसू दाबलं. दादूने ऐकलं नाही असं दाखवलं. बायजाचं बोलणं न ऐकण्याचा त्याला तीस वर्षांचा सराव होता.

* * *

उन्नतीने मागच्या खुर्चीत बसून पोस्टी मोजल्या होत्या. वेबसाइट आज निघत होती, पण धंद्याचं ऑनलाइन पेज आठ महिने चालू होतं, त्यावर एकशे बारा. त्यांतल्या एकाहत्तरांत भावेश होता. भावेश गॉगलमध्ये, भावेश दुसऱ्याच्या होडीवर पाय ठेवून, भावेश जिमच्या जुन्या बनियनमध्ये सूर्यास्ताकडे बघत, खाली 'हसल' असा एक शब्द. बोंबील नऊ ठिकाणी दिसत होते, त्यांत पाच ठिकाणी मागे अंधुक.

उन्नती बायजाची एकुलती मुलगी. लग्न होऊन ऐरोलीला राहायची आणि तिथल्याच एका कंपनीत गिऱ्हाइकांच्या तक्रारींना चॅटवर उत्तरं द्यायची. दिवसाला सत्तर माणसांना 'आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' असं लिहून तिची बोटं बधिर झाली होती. तरी गिऱ्हाईक काय विचारतं आणि का चिडतं, हे तिच्याइतकं त्या हॉलमध्ये कोणाला कळत नव्हतं. भावेशने तिला विचारलं नव्हतं. त्याने पार्थला विचारलं होतं, कारण पार्थकडे प्रोजेक्टर होता.

"आता 'आमची कहाणी'," पार्थ म्हणाला. "स्टोरीटेलिंग इज एव्हरीथिंग, राइट?"

भिंतीवर अक्षरं आली. चार पिढ्यांचा सागरी वारसा. संस्थापक, कैलासवासी हिराजी तांडेल. प्रेरणास्थान, श्री. दादू तांडेल. त्याखाली हाताची घडी घातलेला भावेश, सीईओ.

उन्नतीला आजोबा चांगले आठवत होते. हिराजी तांडेलने आयुष्यात जवळा विकला नव्हता. खाल्ला मात्र होता, तोही दुसऱ्याच्या ताटातला. धंदा काढला तो आयेने. बाबा गेले तेव्हा उन्नती सात वर्षांची होती. होडीतला वाटा दादूकाकाने दिला नाही. मागचं अंगण दिलं, कारण तिथे काही उगवत नव्हतं. आयेने तिथे बांबू रोवले, करंजा बंदराहून ओले बोंबील आणून वाळवले, खाडीचा जवळा चटईवर पसरला, आणि पाटी घेऊन नेरूळपर्यंत चालत गेली.

त्या कहाणीत बायजाचं नाव नव्हतं. पुढच्या चित्रात मात्र एक बाई होती. डोक्यावर टोपली, मोत्यासारखे दात, मागे नारळाची झाडं.

"ही कोन?" बायजाने दारातून विचारलं.

"हा स्टॉक फोटो आहे, आंटी. रीतसर विकत घेतलाय," पार्थ म्हणाला.

"फोटू कुठला ते नाय विचारलं. बाय कोन?"

"मॉडेल असेल कुठलीतरी. कसंय, कस्टमरला ऑथेंटिक फेस लागतो. म्हणजे खरा वाटणारा चेहरा."

बायजाने त्या बाईकडे नीट पाहिलं. "हिनं टोपली उलटी धरलीय," ती म्हणाली. "नि माजा चेहरा काय खोटा हाय?"

पार्थने भावेशकडे पाहिलं. भावेश हसत म्हणाला, "काकी, तू लाजतेस ना फोटोला, म्हणून."

"तू कवा काढलास, नि मी कवा लाजले?"

उन्नतीला आता गप्प बसवेना. "भावेशदादा, मॅपवर पिन कुठे टाकलीय?"

"टाकलीय की."

"सीवूड्सच्या एका सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर टाकलीय. तिथला वॉचमन लोकांना हाकलतो. मी स्वतः जाऊन बघितलं. आणि पेजवर त्रेसष्ट मेसेज पडून आहेत. सगळ्यांत तेच तीन प्रश्न. दुकान कुठे आहे, आज काय मिळेल, घरी किती दिवस टिकेल. एकालाही उत्तर नाही."

"उन्नती, तू चॅटवर बसतेस. ब्रँडिंग वेगळं असतं."

"असेल. मला एवढंच कळतं की माणूस पत्ता विचारतोय आणि तू त्याला गॉगल दाखवतोयस."

मागच्या रांगेत कोणीतरी खोकल्यात हसून घेतलं. दादूने काठी जमिनीवर आपटली. "भैनीनं भावाला चार लोकांत बोलू नये."

"एन्गेजमेंट बघा ना," पार्थ घाईघाईने म्हणाला. "लोकांचं प्रेम बघा. फोर पॉइंट नाइन स्टार्स. मी लाइव्हच दाखवतो."

आणि त्याने दाखवलं. लॅपटॉपवर पान उघडलं, भिंतीवर गिऱ्हाइकांचे अभिप्राय आले. सगळ्यांत वरचा त्याच सकाळचा होता. एकच तारा. खाली बरंच मराठी लिहिलेलं. पार्थला मराठी भरभर वाचता येत नव्हतं, म्हणून ते पुढे सरकवायला त्याला उशीर झाला.

"थांब," बायजा म्हणाली. "माजं नाव दिसतंय त्यात. उन्नती, वाच."

"जाऊ दे काकी, रँडम लोक असतात," भावेश म्हणाला.

उन्नती उभी राहिली आणि तिने वाचलं.

"'माझी आई वीस वर्षं दिवाळ्याच्या बायजाबाईंकडून जवळा घ्यायची. यंदा तिला चालवत नाही, आणि बायजाबाईंचा माल आता इथेच मिळतो असं बाजारात कळलं, म्हणून मी इथून मागवला. तीनदा धुतला तरी दाताखाली वाळू. धुतलेलं पाणी गुलाबी झालं. मी आईला म्हटलं, तुझ्या बायजाबाईंनीच फसवलं. आई म्हणाली, बायजा असं करायची नाही, ती बहुतेक वारली असेल. मनस्वी, नेरूळ.'"

सगळ्यांनी बायजाकडे पाहिलं, जणू मनस्वीच्या आईचं म्हणणं खरं की खोटं ते तपासून बघत होते.

* * *

हेतलला हे होणार हे दिवाळीपासून माहीत होतं.

ती भावेशची बायको, माहेर तळवलीचं. पाकिटं भरायचं काम तिचं होतं. वरच्या खोलीत मांडी घालून ती जवळा मापायची, पाकिटाचं तोंड गरम मशीनने बंद करायची आणि वर सोनेरी अक्षरांतला 'चार पिढ्यांचा वारसा' चिकटवायची. पहिले तीन महिने जवळा काकीचा होता, करडा, हलका, हातात घेतला तर कुरकुरणारा. मग एक दिवस टेम्पोतून गोणी आल्या. त्यातला जवळा लग्नातल्या सरबतासारखा गुलाबी होता. पाकिटं भरून झाली की चादरीवर वाळू राहायची, ती हेतल रोज झाडून खिडकीबाहेर टाकायची.

एकदा ती भावेशला म्हणाली होती, "ह्यात वाळू हाय." त्यावर तो म्हणाला होता, "समुद्राचीच आहे ना?" हे उत्तर त्याला इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी त्याने त्यावर रील केलं.

तेव्हापासून ती काही बोलली नव्हती. काकी खाली अंगणात उन्हात उभी राहून एकेक बोंबील उलटा करायची, आणि वर हेतल तिच्या नावावर वाळू विकायची. न बोलण्यात तिचाही वाटा होता. हे तिला कळत होतं, आणि त्यामुळे ती नवऱ्यावर जास्तच चिडायची.

"हेतल," बायजाने हाक मारली, "वरच्या खोक्यातलं एक पाकीट आन."

"हेतल, बस खाली," भावेश म्हणाला. "कार्यक्रम चालू आहे."

हेतल जिना चढून गेली. जिन्याला बारा पायऱ्या होत्या, आणि मागून नवऱ्याने आणखी दोनदा हाक मारलेली तिने ऐकली. पाकीट, पांढरी थाळी आणि पाण्याचा वाडगा घेऊन ती खाली आली. वाडगा काकीने मागितला नव्हता.

बायजाने पाकीट दाताने फाडलं. जवळा थाळीत ओतला, चिमूटभर वाडग्यात टाकला. पाणी हळूहळू रंगायला लागलं. मग तिने चार दाणे तोंडात घातले. समोरच्या रांगेला कचकच ऐकू गेली. तिने ते तळहातावर थुंकून पाहिलं.

"हा माजा नाय," ती म्हणाली. "कोनाचा हाय?"

"काकी, समजून घे," भावेश तिच्यासमोर उकिडवा बसला, लहान मुलाशी बोलावं तसा. "डिमांड वाढली. तुझं सगळं उन्हावर. ढग आला की माल नाही. ऑनलाइनला 'माल नाही' लिहिलं की पेज खाली जातं. म्हणून एका व्यापाऱ्याकडून घेतला. सगळेच घेतात."

"नि माजा माल कुठं जातो? मी दर आठवड्याला देते तो?"

"तोही जातो. मिक्स करतो ना आपण."

"म्हंजे चांगल्यात पन वालू घातलीस."

भावेशला यावर रील सुचलं नाही.

"जाऊ दे आता," दादू म्हणाला. "पोरगा शिकतोय. घरातलं घरात ठेवा, बायजा. नाव घराण्याचं हाय."

"घरात ऱ्हायलं असतं तर नेरूळची बाय मना मेलेली बोलली नसती, दादा."

पार्थने घसा साफ केला. "हे बघा, सोल्यूशन आहे. आपण हा रिव्ह्यू फेक म्हणून रिपोर्ट करू. आणि संध्याकाळपर्यंत मी पंचवीस फाइव्ह स्टार टाकतो. हा खाली जाईल. आधीचेही असेच टाकलेत, राइट?"

"आधीचे?" उन्नती लॅपटॉपपाशी गेली आणि तिने स्वतःच पान खाली सरकवलं. हेतल तांडेल, पाच तारे. भावेश तांडेल, पाच तारे. कोणी रोहन, कोणी सिमरन. आणि मग एक नाव पाहून ती थांबली. "काका, तुमचाही आहे."

"माजा?"

"'ऑसम प्रॉडक्ट. सुपरफास्ट डिलिव्हरी. माय किड्स लव्ह इट. दादू तांडेल.'"

या वेळी कोणी हसू दाबलं नाही. दादूचा मोबाइल बटणांचा होता, आणि त्याचं एकमेव किड अडतीस वर्षांचं होऊन समोर उकिडवं बसलं होतं.

"त्याचा अर्थ सांग," दादू म्हणाला.

उन्नतीने सांगितला.

दादू मुलाकडे वळला. "मी कवा बोललो हे?" त्याने विचारलं. आवाज चढला नव्हता. "होडी विकली तवा एवडे लोक आले, भाव पाडून मागाया. मी एकाला पन खोटं नाय बोललो, की लाकूड नवीन हाय. नि तू मना ह्या रंगीत जवल्यासाठी खोटं बोलाया लावलंस."

"बाबा, ते टेक्निकल असतं. हेतल, फोन दे इकडे, मी रिपोर्ट करून टाकतो."

सगळं पान हेतलच्या नंबरावर चालायचं. भावेशचा स्वतःचा नंबर जिम बंद पडल्यापासून चारदा बदलला होता, कारण वर्षाची फी भरलेले लोक त्याला शोधत असायचे. म्हणून कुठेही नंबर द्यायची वेळ आली की तो बायकोचा द्यायचा. त्याने हात पुढे केला. आजवर तो हात पुढे आला की हेतल त्यात काही ना काही ठेवत आली होती. जिमच्या वेळी बांगड्या ठेवल्या होत्या.

तिने फोनचं कुलूप उघडलं आणि फोन उन्नतीच्या हातात दिला.

"हेतल," भावेश हळू म्हणाला, "विचार कर. मला घरी पण यायचंय."

"माहितीये. रोज येता."

* * *

बायजा पाटावरून उठून खुर्चीत बसली. त्या दिवसातली तिची ती पहिली खुर्ची.

"लिव," ती उन्नतीला म्हणाली. "त्या बायला उत्तर लिव, सगल्यांना दिसंल असं."

उन्नतीची बोटं सवयीने चालली. "'आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर...'"

"गैरसोय काय? तिच्या तोंडात वालू गेली. वालू लिव."

उन्नतीने ते खोडलं. आठ वर्षांच्या नोकरीत तिला हे वाक्य खोडायला कोणी सांगितलं नव्हतं.

"मनस्वी बाय, मी बायजा. जिती हाय. तो जवला माजा नव्हता. माज्या पुतन्यानं दुसरीकडून आनला नि माज्या नावानं इकला," बायजाने सांगितलं.

"काकी, पुतण्या लिहू नकोस," भावेश उभा राहिला. "पुरवठादाराची चूक असं लिहा. माझे आठ हजार फॉलोअर्स आहेत."

"त्यातले किती माझ्या विकतच्या लिस्टमधले?" पार्थ पुटपुटला. तो केव्हाचा प्रोजेक्टरची वायर गुंडाळत होता.

"पुरवठादार तूच ना रं?" बायजाने विचारलं. "मग तेच लिवलंय. पुढं लिव, उन्नती. ज्यांनी कोनी गुलाबी जवला घेतला असंल त्यांनी खाऊ नका, फेकून द्या. माजा तयार झाला की बदली देईन. नि जेट्टीचा पत्ता लिव."

"पत्ता कसा लिहू? लोकांना सोसायटीच माहितीये."

हे कोणालाच चटकन सांगता येईना. लहानपणापासून राहणाऱ्याला आपल्या घराचा पत्ता कधी लागत नाही. शेवटी दादूच बोलला, भिंतीकडे बघत. "बेलापूरवरनं जेट्टीकडं या. बरफाचा कारखाना डाव्या हाताला ठेवा. पुढं जाली वाळत घातलेली दिसतील, तितं गाडी लावा. आत गाडी येत नाय."

उन्नतीने शब्दन् शब्द तसाच लिहिला आणि पिन टाकीवरून उचलून अंगणावर आणून ठेवली.

भावेशने गाडीची चावी घेतली. दारात थांबून त्याने भाऊबंदांकडे पाहिलं. कोणीतरी उठेल, 'अरे बस, जेवून जा' म्हणेल असं त्याला वाटलं असावं. ते सगळे स्वयंपाकघराकडे बघत होते. पार्थ प्रोजेक्टर काखेत मारून त्याच्या मागे गेला. रिबीन बांधलेला लॅपटॉप भावेशचा होता, तो त्याने तसाच, फुलासकट नेला.

मग सगळे जेवले. भाऊबंदांनी चिंबोऱ्या फोडता फोडता भावेशला इतकी नावं ठेवली की हेतलला वाढता वाढता संकोच वाटला. आठ महिने यांतल्याच प्रत्येकाने त्याच्या गॉगलला अंगठा दिला होता. तीन वाजेपर्यंत हात धुऊन सगळे पांगले. दादू तेवढा मोठ्या खुर्चीत बसून राहिला. भिंत आता कोरी होती.

फोन वाजला तेव्हा हेतल भांडी आवरत होती. नंबर अनोळखी. तिने तो बायजाच्या कानाला लावला.

पलीकडून म्हातारा, धाप लागलेला आवाज आला. "बायजा?"

"बोला."

"मी नेरूळहून. मनस्वीची आई. पोरीने वाचून दाखवलं. मी काहीतरी वाईट बोलले तुझ्याबद्दल. माफ कर."

"माफ कशाला करायचं? बरोबर बोललात तुमी," बायजा म्हणाली. "आठ महिने माल पोराच्या हातात द्यायचे नि मागं बगायचे नाय. बाजारात उन्हात बसायला लागत नाय म्हनून खूश होते. एकदा पन वर जाऊन पाकीट फोडून बगितलं नाय. मेल्यासारकीच होते की मी."

"मग जवळा कधी मिळेल?" पलीकडच्या आवाजाने विचारलं.

"आता नाय. परवा जवला आला तर दोन उनं लागतील. ढग आले तर तीन. तयार झाला की फोन करते. तुमाला चालवत नाय, मीच येईन घेऊन."

फोन ठेवून ती तशीच बसली. डोळे कोरडे होते, पण हात कशाला तरी पुसायचे म्हणून पदराला पुसत होते. उन्नती काही म्हणणार होती. हेतलने तिला मानेनेच नको म्हटलं.

थोड्या वेळाने हेतल फोन घेऊन पुढे येऊन बसली. "काकी, ते सगळं काढून टाकायचं ना? कहाणी, फोटो?"

"काड. त्या बायला पन काड बिचारीला. हात अवघडला असंल टोपली धरून."

उन्नतीने दारातून अंगणाचा फोटो घेतला. बांबू, बोंबील, खाली चटई, मागे ओट्यावर बायजाची पाठ. गॉगल नाही, सूर्यास्त नाही. हेतलने तो लावला आणि विचारलं, "नाव काय लिहू? वरचं मोठं नाव?"

दादूने मान वळवली.

"बायजा, दिवाळे," बायजा म्हणाली. "लोक तेवडंच बोलतात."

"नि तांडेल?" दादूने विचारलं. विचारताना त्याने काठी दोन्ही हातांनी धरली होती.

बायजाने त्याच्याकडे पाहिलं. तीस वर्षांत तिने या माणसाला उत्तर देताना जेवढा विचार केला नसेल तेवढा आता केला, आणि तरी उत्तर तेच निघालं.

"तांडेल कवा जवला इकत होते, दादा?"

दादूने मान फिरवून उन्नतीला विचारलं, बरफाचा कारखाना डाव्या हाताला लिवलंस ना. ती हो म्हणाली.

"आज काय आहे ते पण लिहावं लागतं, आये," उन्नती म्हणाली. "रोज सकाळी. लोक तेच विचारतात."

"मग लिव, आज माल नाय."

हेतलने लिहिलं. आज माल नाही. पाच मिनिटांत खाली कोणीतरी विचारलं, मग कधी? उन्नतीने उत्तर दिलं, परवा जवळा आला तर शुक्रवारी. दुसऱ्याने विचारलं, बोंबील? तिसऱ्या कोणी बाईने नुसतं लिहिलं, बायजाबाई आहेत होय.

फोन पुन्हा वाजला. हेतलने पडद्याकडे पाहिलं, आवाज बंद केला आणि फोन पालथा ठेवला.

"कोन हाय?" बायजाने विचारलं.

"गिऱ्हाईक नाय," हेतल म्हणाली आणि भांड्यांकडे गेली.